कऱ्हाड लिहून पाहावे

छापावयाच्या मजकुरावर जे संस्कार होतात त्यांस आपण संपादन म्हणतो आणि चित्रफितीवर जे होतात त्यांस संकलन, आणि मराठीने या दोन कामांस दोन निरनिराळे शब्द दिले ही गोष्ट मला नेहमीच विचार करण्याजोगी वाटत आली आहे. वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे जे कार्य उभे राहिले, आणि ज्याचा पहिला खंड १९७६ साली वाचकांच्या हाती पडला, ते संपादन. आणि त्याच वाईजवळ मेणवलीच्या घाटावर 'स्वदेस'सारख्या चित्रपटाची जी दृश्ये टिपली गेली, ती पुढे अंधाऱ्या खोलीत बसून कोणी पारखली, कापली आणि एकापुढे एक जोडली, ते संकलन. शब्दाचा मूळ अर्थ एकत्र करणे असा असला, तरी ज्याने हे काम एकदा तरी मनापासून केले आहे त्याला ठाऊक असते की संकलकाचा बहुतेक दिवस टाकून देण्यातच जातो. तासाभराच्या चित्रणातून चार मिनिटे ठेवावयाची, म्हणजे उरलेल्या छप्पन्न मिनिटांना, त्यांतली कित्येक आपल्या आवडीची असूनही, निरोप द्यावयाचा.

नवशिका मनुष्य मात्र याच्या अगदी उलट समजूत घेऊन या कामाकडे वळतो. चित्रणात काहीतरी घालावयाचे असते, रंग चढवावयाचा असतो, गाणे बसवावयाचे असते, अक्षरे फिरवावयाची असतात, अशी त्याची कल्पना झालेली असते. आणि म्हणून कोणते सॉफ्टवेअर घ्यावे हा प्रश्न उभा राहिला की कोणात किती इफेक्ट आहेत याची मोजदाद तो करू लागतो. ही मोजदाद निरुपयोगी आहे असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते कशामुळे बनले ते सांगण्यासाठी मिरजेच्या एका दुकानाची हकीकत येथे दिली पाहिजे.

गेल्या पावसाळ्यात सांगलीच्या एका महाविद्यालयातला विद्यार्थी आपला लॅपटॉप पिशवीत घालून माझ्याकडे आला. मिरजेस सतारी आणि तंबोरे करणाऱ्या एका कारागिराच्या दुकानात तीन दिवस बसून त्याने मोबाइलवर बावन्न मिनिटांचे चित्रण केले होते. मिरजेच्या या वाद्यांची कीर्ती एकोणिसाव्या शतकापासूनची असून २०२४ साली तेथील सतार आणि तंबोरा या दोन्ही वाद्यांस भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले आहे, आणि पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारा भोपळा, त्यावर बसवावयाचे तुणीचे लाकूड, खुंट्या, नक्षी, पॉलिश, हे सर्व त्या मुलाने मोठ्या निष्ठेने टिपले होते. दुकानातले वृद्ध कारागीर, ज्यांना तो चाचा म्हणत असे, घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, कानस फिरवीत जवारी काढीत आहेत, म्हणजे तारेचा नाद उघडीत आहेत, तार छेडून पाहत आहेत, पुन्हा कानस लावीत आहेत, असे एक सलग अकरा मिनिटांचे दृश्य त्यात होते. या सर्वांतून चार मिनिटांचा माहितीपट करून स्नेहसंमेलनात दाखवावयाचा त्याचा मनोदय होता, आणि संमेलनास दहा दिवस उरले होते.

"सर, चार सॉफ्टवेअर डाउनलोड करून बघितली, पण एकातही काम पुढं जाईना," तो म्हणाला.

मी ती चारही उघडून पाहिली. पहिल्यात काम पुरे झाले होते, परंतु तयार झालेल्या चित्रफितीच्या कोपऱ्यात त्या सॉफ्टवेअरचे नाव ठसठशीत उमटले होते. दुसरे त्याच्या संगणकावर इतके अडखळत चाले की कारागिराचा हात कानशीपासून तारेपर्यंत पोहोचेतो पडदा गोठून जाई. तिसऱ्यात शीर्षकाची जोडाक्षरे मोडून पडली होती. चौथ्याने सर्व काही बिनतक्रार करू दिले होते, आणि काम बाहेर काढावयाच्या क्षणी वर्षाच्या वर्गणीची मागणी केली होती. नवशिक्याच्या वाटेत जे अडथळे येतात ते बहुतेक या चारांतच आटोपतात, आणि त्यांपैकी एकही इफेक्टांच्या संख्येशी संबंधित नाही, हे वाचकाने ध्यानात घ्यावे.

संगणकाचा अडखळा कशामुळे येतो हे समजण्यास या कामाचे अंतरंग थोडे पाहावे लागते. रिळांच्या काळी ३५ मिलिमीटरच्या फितीवर एका फुटास १६ चित्रे बसत आणि बोलपटात ती सेकंदास २४ या वेगाने सरकत, म्हणजे एका मिनिटाच्या दृश्यास ९० फूट फीत लागे. १९१३ साली प्रदर्शित झालेला दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' सुमारे ३७०० फुटांचा होता, आणि फाळक्यांच्या त्या उद्योगात कच्च्या फितीच्या कडेस छिद्रे पाडण्याचे किचकट काम सरस्वतीबाई फाळके घरी बसून करीत असत. अशा फितीवर कात्री चुकली की चूक फितीवर राही, आणि कापलेले टोक खरवडून, त्यास द्रव लावून पुन्हा चिकटवावे लागे. आजचे सॉफ्टवेअर मूळ चित्रणास हातसुद्धा लावीत नाही. अमुक फाइलीतील अमुक सेकंदापासून अमुक सेकंदापर्यंतचा तुकडा घ्यावा, त्यापुढे तमुक तुकडा लावावा, येथे आवाज उतरवावा, तेथे शीर्षक दाखवावे, अशी एक याद तेवढी ते राखते, आणि आपण चालवून पाहा म्हटले की त्या यादीबरहुकूम मूळ फाइली उघडून त्या क्षणी दाखवीत जाते. जुन्या दप्तरातील फेरिस्तीत कागदांची नावे असतात, कागद नसतात. प्रोजेक्टची फाइल ही अशीच फेरिस्त होय.

हे मी अनुभवाने शिकलो. पूर्वी एकदा साताऱ्यात महिनाभर खपून केलेले काम सांगलीस दाखवावयाचे म्हणून प्रोजेक्टची फाइल तेवढी पेन ड्राइव्हवर घेऊन मी निघालो, आणि सांगलीस ती उघडताच पडद्यावर एकामागून एक लाल चौकटी आल्या, कारण चित्रणाच्या मूळ फाइली साताऱ्याच्या संगणकावर राहिल्या होत्या. तेव्हापासून एका कामाचे चित्रण, आवाज, छायाचित्रे आणि प्रोजेक्ट ही सर्व एकाच फोल्डरात ठेवावयाची, काम पुरे होईतो कोणतेही नाव बदलावयाचे नाही, आणि हलवावयाचे तर ते फोल्डर सबंध हलवावयाचे, हा नियम मी पाळीत आलो आहे.

ज्या क्षणी पाहावयाचे त्याच क्षणी फाइल उलगडावयाची असल्यामुळे सगळा भार संगणकावर पडतो. साध्या फुल एचडी चित्रणाची एक मिनिटाची फाइल प्रचलित पद्धतीने सुमारे १३० एमबी भरते, म्हणजे तासास आठ जीबीच्या आसपास. फोर-के चित्रणास त्याच्या दुपटी-अडीचपटीहून अधिक जागा लागते, आणि उलगडण्याचे श्रम तर त्याहून वाढतात. गावातल्या कार्यक्रमास, वर्गातल्या पडद्यास किंवा यूट्यूबवरील शेतीविषयक माहितीस फुल एचडी पुरते, हे ठरवून टाकले की निम्मी चिंता मिटते. शिवाय चांगल्या सॉफ्टवेअरांत प्रॉक्सी नावाची एक सोय असते: काम चालू असताना मूळ चित्रणाची हलकी, कमी तपशिलाची प्रत वापरली जाते आणि शेवटी चित्रफीत काढताना मूळ फाइली रुजू होतात. आठ जीबी मेमरीच्या जुन्या लॅपटॉपवर काम करणाऱ्याने जे सॉफ्टवेअर निवडावयाचे त्यात ही सोय आहे की नाही याची खातरजमा आधी करावी. त्या मुलाचा संगणक असाच होता.

आता शिक्क्याविषयी आणि पैशांविषयी. फुकट या शब्दाचे या व्यवहारात दोन अर्थ आहेत आणि ते वेगळे ठेवले पाहिजेत. एक फुकट असे की ज्यात मालक आपला माल चाखावयास देतो आणि त्याबदली आपल्या कामावर स्वतःचा शिक्का उमटवितो किंवा महत्त्वाची सोय अडवून धरतो. काईनमास्टर आणि फिल्मोरा यांच्या विनामूल्य आवृत्त्या चित्रफितीवर आपले नाव टाकतात ते याच रीतीने, आणि त्यात लबाडी काही नाही, कारण ते आधीच सांगितलेले असते. दुसरे फुकट हे सनदेचे आहे. शॉटकट, केडेनलाइव्ह आणि ओपनशॉट ही सॉफ्टवेअरे ज्या सार्वजनिक सनदेखाली प्रसिद्ध होतात तिच्या अन्वये ती कोणीही वापरावी, दुसऱ्यास द्यावी, त्यांची रचना उघडून अभ्यासावी आणि सुधारावी. त्यांत मुदत नाही, शिक्का नाही, वर्गणी नाही. ज्या शाळेला वीस संगणकांवर एकच साधन बसवावयाचे आहे, किंवा ज्या बचतगटाला आपल्या उत्पादनाची फीत करावयाची आहे, त्यांनी ही दुसरी वाट धरावी असे मी आग्रहाने सांगेन. प्रीमियर प्रो हे धंदेवाईक संकलकांचे मान्यवर साधन आहे, पण त्याची वर्गणी दरमहा किंवा दरसाल भरावी लागते, आणि वर्षातून दोन फिती करणाऱ्यास तो खर्च परवडू नये.

आणि आता कऱ्हाड. तिसऱ्या सॉफ्टवेअरात मुलाने जे शीर्षक लिहिले होते त्यात 'वाद्य' या शब्दाचे द आणि य सुटे होऊन मध्ये हलन्त उभा होता, आणि पहिली वेलांटी अक्षराच्या अलीकडे न बसता पलीकडे जाऊन पडली होती. तो म्हणाला, "सर, शेवटी इंग्रजीतच टाकलं." मला याचे फार वाईट वाटले. देवनागरीत अक्षरे जशी टंकली जातात तशी ती उमटत नाहीत. र चा रेफ होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो, इकार मागे सरकतो, क आणि ष मिळून क्ष होतो, आणि ही सर्व जुळणी करणारी यंत्रणा सॉफ्टवेअरात नसेल किंवा बंद असेल तर फाँट कितीही सुंदर असला तरी अक्षरे मोडतात. त्यातही मराठीची म्हणून एक वेगळी खूण आहे, अर्ध्या र चे ते आडवे, पापणीसारखे रूप, जे हिंदीस लागत नाही आणि म्हणून हिंदीवर पारखलेल्या साधनांत पुष्कळदा दुर्लक्षित राहते. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावरचे आपले गाव 'कऱ्हाड' असे लिहावे आणि पडद्यावर 'कर्हाड' उमटावे, असे वारंवार घडते, आणि गाव कराड असे लिहिण्याचा प्रघात पडला असला तरी 'दुसऱ्या', 'पायऱ्या', 'शेतकऱ्यांनी' हे शब्द काही टळत नाहीत.

म्हणून कोणतेही सॉफ्टवेअर उतरवून घेतले की चित्रण आत घेण्यापूर्वी मी शीर्षकाच्या चौकटीत चार शब्द लिहून पाहतो: कऱ्हाड, किर्लोस्करवाडी, द्राक्षे, श्रीक्षेत्र. पहिल्याने पापणीचा र कळतो, दुसऱ्याने इकार आणि रेफ, तिसऱ्या-चौथ्याने जोडाक्षरे. युनिकोडमध्ये टंकावे, फाँट मुक्ता, बालू किंवा नोटो देवनागरी यांपैकी घ्यावा, जे सर्व विनामूल्य मिळतात. छापखान्यातल्या जुन्या, युनिकोडपूर्व फाँटातला मजकूर येथे चिकटवू नये, कारण तो दुसऱ्या संगणकावर वाचता येईलच असे नाही. अक्षरे मोडली तर सेटिंगांत भारतीय किंवा दक्षिण आशियाई लिप्यांसाठी वेगळी निवड आहे का ते पाहावे. प्रीमियरमध्ये ती आहे. तरीही मोडली तर ते साधन दूर ठेवावे. ज्या किर्लोस्करवाडीहून १९२० पासून 'किर्लोस्कर खबर', म्हणजे पुढचे 'किर्लोस्कर', हे मासिक निघू लागले आणि नेटक्या मराठी छपाईची सवय ज्याने घरोघर लावली, त्या प्रांतातल्या मुलाने सॉफ्टवेअरास जमत नाही म्हणून आपले शीर्षक इंग्रजीत लिहावे, हे मला मान्य नाही.

मोबाइलवरच्या ॲपांविषयी थोडक्यात सांगतो. इनशॉट, व्हीएन, यूट्यूब क्रिएट यांवर दोन-तीन मिनिटांची फीत उत्तम होते आणि ज्याच्यापाशी संगणक नाही त्याने अवश्य तेथूनच आरंभ करावा. मात्र प्रोजेक्ट त्या ॲपाच्या पोटात राहतो आणि फोन गेला की तो जातो, म्हणून तयार फीत लगेच बाहेर काढून ठेवावी. जून २०२० मध्ये भारत सरकारने एका हुकमाने ५९ ॲपांवर बंदी घातली तेव्हा त्यांत टिकटॉकबरोबर व्हिवाव्हिडिओ हे संकलनाचे ॲपही होते. विंडोजबरोबर येणारे मूव्ही मेकर, ज्यावर कित्येक शिक्षकांचे हात बसले होते, तेही मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१७ मध्ये बंद केले. साधने येतात आणि जातात. कापावे कोठे ही समज हातात राहते आणि ती पुढच्या साधनास जशीच्या तशी लागू पडते.

त्या मुलाच्या संगणकावर आम्ही शॉटकट बसविले. त्यात चारही शब्द नीट उमटले. चित्रण आत घेताना सॉफ्टवेअराने एक सूचना दिली की या फाइलींत चित्रांचा वेग कमीजास्त आहे, त्या संकलनास योग्य अशा रूपात बदलून घ्याव्या. मोबाइल अंधारात वेग उतरवितो आणि त्यामुळे पुढे आवाज व चित्र यांची फारकत होते, तेव्हा ही सूचना मानावी. मग मी त्याला सहाच गोष्टी शिकविल्या: तुकडा करणे, काढून टाकणे, जागा बदलणे, आवाज कमीजास्त करणे, शीर्षक लिहिणे आणि फीत बाहेर काढणे. तासाभरात त्या त्याला आल्या. माझ्या मते सोपे सॉफ्टवेअर म्हणजे ज्यात या सहा गोष्टी, कोणी शेजारी नसताना, एका बैठकीत सापडतात ते.

पुढच्या चार संध्याकाळी तो कापीत बसला. भोपळ्यांची रास सुंदर टिपली होती, ती अर्ध्यावर आली. पॉलिशचे दृश्य गेले. त्याचे स्वतःचे प्रास्ताविकही, बरेच रेंगाळून, गेले. अडले ते जवारीच्या त्या अकरा मिनिटांपाशी. कानस फिरते, तार वाजते, पुन्हा कानस फिरते, आणि ऐकणाऱ्यास प्रत्येक वेळी नाद थोडा अधिक उघडलेला जाणवतो. यातले काय टाकावे हे त्याला सुचेना. आम्ही डोळे मिटून नुसता आवाज ऐकला आणि तीन झंकार निवडले: पहिला दबलेला, मधला अर्धा उघडलेला, आणि घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकविल्यानंतरचा शेवटचा, भरून राहणारा. त्या तीन झंकारांभोवतीची कानस तेवढी ठेवली. मग त्याने एक गोष्ट आपण होऊन केली, जी मी शिकविली नव्हती: शेवटचा झंकार त्याने चित्राच्या दोन सेकंद आधी सुरू केला, त्यामुळे पडद्यावर अद्याप भोपळा असतानाच नाद येऊ लागतो आणि मग चाचांचा चेहरा दिसतो. आवाज चित्राच्या आधी आणण्याची ही युक्ती जगातले सर्व संकलक जाणतात, आणि ती करण्यास आवाजाची पट्टी चित्राच्या पट्टीपासून सुटी करता येणे एवढेच लागते. फीत चार मिनिटे दहा सेकंदांची झाली.

आता निवडीचा निर्णय सांगतो. विंडोजचा साधारण किंवा जुना संगणक असेल तर शॉटकट घ्यावे. लिनक्स असेल, किंवा थोडी अधिक व्यवस्था हवी असेल, तर केडेनलाइव्ह, ज्याच्या पोटात शॉटकटचीच एमएलटी ही यंत्रणा आहे. विंडोज ११ वर क्लिपचँप आयते असते आणि फुल एचडी फीत विनाशिक्का काढून देते, घाई असल्यास तेही चालेल. ॲपलचा संगणक वा फोन असणाऱ्याने आयमूव्ही सोडून इतरत्र पाहण्याचे तूर्त कारण नाही. डाविंची रिझॉल्व्हची विनामूल्य आवृत्ती सामर्थ्यात या सर्वांहून श्रेष्ठ आहे, परंतु तिला सोळा जीबी मेमरी आणि चांगले ग्राफिक्स कार्ड लागते, आणि तिचा विस्तार पाहूनच नवशिका बावरतो; चार-पाच फिती पुऱ्या झाल्यावर तिच्याकडे जावे.

हे सारे मी इतक्या तपशिलाने लिहिले याचे कारण आपल्या सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतले पुष्कळ काही वेळीच टिपले गेले नाही तर उरणार नाही. १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली येथे प्रतिसरकार चालले, तेव्हा वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यातच होते. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम नेणारी रेल्वे अडविणाऱ्या, त्या प्रतिसरकारच्या तुफान सेनेचे कुंडलचे कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड, २०२२ साली निवर्तले, परंतु पत्रकार पी. साईनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना आधीच चित्रित करून ठेवल्यामुळे त्यांचा आवाज आज ऐकता येतो. त्या पिढीतल्या इतर कितीजणांचा आवाज कोणाच्याही संग्रही नाही.

तेव्हा वाचकास एवढीच विनंती की येत्या रविवारी घरातल्या किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या माणसापुढे फोन स्थिर ठेवून त्यांना दहा मिनिटे बोलते करावे, पंखा आणि टीव्ही बंद ठेवावा म्हणजे आवाज स्वच्छ येईल, संध्याकाळी वरीलपैकी एक साधन उतरवून घ्यावे, शीर्षकाच्या चौकटीत आधी 'कऱ्हाड' आणि मग आपल्या गावाचे नाव लिहून पाहावे, आणि त्या दहा मिनिटांची तीन करावीत.